बॉक्सरचं नाक

आमच्या घरात श्राद्धाचा स्वयंपाक चाखून बघायचा नसे. पितरांच्या आधी कुणाच्या जिभेला कण लागला तरी अख्खं अन्न उष्टं, आणि मग परत चूल सारवण्यापासून सुरुवात. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं आणि नागपूर, अमरावती, पुण्याकडून काशीला श्राद्धं करायला येणाऱ्या यात्रेकरूंचा स्वयंपाक माझी आई करायची. वडील मी लहान असतानाच गेले. यात्रेकरू पाठवायचे ते तात्या गुरुजी. ते आमच्या भागातले मोठे तीर्थोपाध्याय. त्यांच्या यजमानांची श्राद्धं त्यांनी सांगायची आणि ब्राह्मणांची पानं आईनं वाढायची, असा रिवाज पडून गेला होता. गुरुजींनी एक महिना तोंड फिरवलं असतं तर आमच्या चुलीत शेणी राहिली असती आणि वर ठेवायला काही नसतं.

न चाखता स्वयंपाक करायचा म्हणजे नाकानं करायचा. आमटीत मीठ पडलं की वाफ जराशी जड होते, भरड्याच्या वड्यांचं तेल बरोबर तापलं की त्याचा वास घशाशी येऊन थांबतो, खिरीचं दूध बुडाशी लागायच्या अंमळ आधी भाजलेल्या कागदासारखी एक रेघ हवेत येते. हे सगळं आई शिकवायची, पण स्वतः मात्र तिला त्यातलं काही येत नसे. तिला तपकिरीचं व्यसन होतं. वडील गेल्यावर लागलेलं. चिमूट वर ओढून ओढून तिचं नाक पार मेलं होतं. म्हणून घरातलं नाक मी होतो. चूल फुलली की ती सोवळ्यात आतून ओरडायची, "विनू, नाक आण रे इकडे!" आणि मी उंबऱ्याबाहेर उभा राहून मान पुढे करायचो. "वेलची कमी आहे," म्हटलं की वेलची पडायची. "तेल काढ खाली," म्हटलं की कढई खाली यायची. माझी धाकटी बहीण कुमुद हसायची. म्हणायची, "दादा, तुला नाकाचा पगार लाव म्हणावं." पण मला त्याचा माज होता, खोटं कशाला सांगू. गल्लीतल्या मोठ्या बायासुद्धा दूध नासलंय का बघायला मला बोलवायच्या.

तूप आणायचं कामही माझंच. गंगेपलीकडून रामदुलारे नावाचा तूपवाला कनस्तर, म्हणजे पत्र्याचा मोठा डबा, घेऊन यायचा आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसायचा. थंडीत तूप थिजून दगड झालेलं असायचं. वरचा थर पिवळा, दाणेदार, बघूनच भूक लागावी असा. पण वरच्या थरावर जो तूप घेतो त्याच्यासारखा मूर्ख नाही. मी बांबूची काडी थेट तळापर्यंत घुसवायचो, बाहेर काढायचो, तळहातावर घासायचो आणि नाकाशी धरायचो. मग भाव. रामदुलारे शपथा घ्यायचा, कनस्तर बंद करायचा, उठून चार पायऱ्या उतरायचा. मीही पाठ फिरवून चार पायऱ्या चढायचो. शेवटी नेहमी तोच हाक मारायचा. "ए भइया, तोहार नाक ना, पुलिस है पुलिस!" पुढे आयुष्यभर मी साड्यांच्या बाजारात जी घासाघीस केली, तिचं सगळं शिक्षण त्या पायऱ्यांवर झालं.

बॉक्सिंगमध्ये मी शिरलो तो घासाघिशीमुळेच. एका नावाड्यानं यात्रेकरूंना पार नेताना मधेच भाडं वाढवलं. मी काठावर त्याला धरला, तोंडातोंडी झाली आणि मग हातही चालले. तो माझ्याहून थोराड होता, पण माझा डावा हात त्याला दिसायच्या आत लागत होता. वर एक माणूस मिशीला पीळ देत उभा होता. तो खाली आला आणि मला म्हणाला, "नाम क्या है मराठा? ये हाथ फोकट में मत घिसो. रेलवे में नौकरी लगवा दूँगा." हे मास्टरजी. मैदागिनकडे एका शाळेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ते पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळते हे मी ऐकून होतो. आखाड्यात जायची सोय नव्हती, कारण पहिलवानाला दूध-बदाम लागतात आणि आमच्या घरी दूध यायचं ते दुसऱ्यांच्या पितरांसाठी. बॉक्सिंगला हातावर बांधायची पट्टी पुरते. मी गेलो.

त्या शेडची किळस मला आज इतक्या वर्षांनी लिहितानाही येते. पोटात काही नसेल तेव्हाच मी त्याबद्दल बोलतो. ग्लोव्ह्ज मोजकेच, सगळ्या पोरांनी तेच घालायचे. एकाचा घाम वाळायच्या आत दुसऱ्याचे हात आत. आतला कापूस दबून काळा झालेला, आणि बोटं आत गेली की ओल्या कुत्र्याला मिठी मारल्यासारखं वाटायचं. जमिनीवर सिमेंट, त्यावर झिजलेली एक सतरंजी. कोपऱ्यात एक जस्ताची बादली असायची. तिच्यात सगळ्यांच्या हातपट्ट्या भिजत टाकलेल्या, रक्ताच्या, घामाच्या, शेंबडाच्या. पाणी कधी बदललेलं मी पाहिलं नाही. वर तवंग यायचा, बुडबुडे यायचे. गुळण्याही पोरं त्यातच टाकायची. नव्या पोरानं रोज त्या पट्ट्या पिळून दोरीवर घालायच्या, हा मास्टरजींचा नियम. मी पहिल्या दिवशी बादलीवर वाकलो आणि तिथेच ओकलो, तेही बादलीत. पोरं हसून लोळली. मास्टरजी हसले नाहीत. खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "नाक बहुत तेज है तुम्हारी. कोई बात नहीं. ठीक हो जाएगी."

त्या वेळी मला वाटलं, धीर देतायत.

त्यांची शिकवण एकच होती. डोक्यावर खा आणि आत घुस. चुकवाचुकवी करणाऱ्याला ते नाचणारी म्हणायचे. डोक्याला बांधायचं काही नव्हतं, असतं तरी त्यांनी बांधू दिलं नसतं. रोज नाकावर, भुवईवर, जबड्यावर खायचं. नाक सुजलेलं राहायचं, आत रक्ताच्या खपल्या, श्वास तोंडानं. आईला वाटायचं मला बारमाही पडसं आहे. ती ओव्याची पुरचुंडी शेकायला द्यायची. तिला मी शर्यतीत धावतो असं सांगितलं होतं. कुमुदला खरं माहीत होतं.

मग एका संध्याकाळी थोरल्या पोरांपैकी एकानं मला कानामागे असा ठोसा दिला की पाय गेले. मी उताणा पडलो आणि डोक्याची मागची बाजू सिमेंटवर आपटली. नारळ फोडल्यासारखा आवाज मी स्वतः ऐकला. उठवून पाणी मारलं, पंख्याखाली बसवलं. काही दिवस डोकं ठणकत राहिलं, उजेड नको वाटायचा. दुखणं गेल्यावर मी परत शेडमध्ये गेलो, बादलीवर वाकलो, आणि बादलीला वासच नव्हता. मी हात घातला, पट्ट्या पिळल्या, तोंडावर पाणी उडालं, तरी काही नाही. मला वाटलं, वा! सवय झाली. मास्टरजी खुर्चीवरून उठले, पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना मोठ्यानं म्हणाले, "अब हुआ ये लड़का बॉक्सर!" त्याच दिवशी त्यांनी माझं नाव रेल्वेच्या निवड चाचणीसाठी घातलं.

आता मी ज्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जातो, त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकाच्या वर कवटीचं एक चाळणीसारखं हाड असतं, त्याच्या भोकांतून वासाचे बारीक धागे मेंदूकडे जातात. डोकं मागून जोरात आपटलं की मेंदू आत हिसका खातो आणि ते धागे तुटतात. "काका, बॉक्सिंग खेळणाऱ्यांत हे होतं," असं त्या सहज म्हणाल्या. मला मात्र ते सहज ऐकवेना. माझा नातू पोहण्याच्या स्पर्धांना जातो, सकाळ-संध्याकाळ औषध टाकलेल्या पाण्यात असतो. परवा दशहरी आंबा कापला तर तो म्हणाला, "आजोबा, ह्याला तर कुछ वासच नाही." मी त्याच दिवशी त्याच्या प्रशिक्षकाच्या घरी जाऊन उभा राहिलो. तो माणूस मला वेडा समजला असेल. समजू दे.

तेव्हा मात्र मला कळलंच नाही की नाक गेलंय. डोळे गेले की अंधार होतो, कान गेले की लोक ओरडायला लागतात. नाक गेलं तर काहीच होत नाही. जेवण पांचट लागायचं, मी म्हणायचो पडसं आहे. चुलीपाशी आईनं हाक मारली की मी इतक्या वर्षांच्या सरावानं डोळ्यांनीच सांगायचो: खिरीला साय धरली, तेलातून धूर निघाला. ते बरोबर निघायचं. आणि पौष लागला, काशीतली ती हाडं फोडणारी थंडी. अर्ध्या शहराचं नाक त्या दिवसांत बंदच असतं.

त्या पौषात अमरावतीच्या एक बाई नवऱ्याच्या वर्षश्राद्धासाठी आल्या. निवृत्त शिक्षिका, सावळ्या, कमी बोलणाऱ्या, बरोबर कोणी नाही. गुरुजींनी आईला निरोप पाठवला की चांगलं करा, बाईंनी वर्षभर ह्याचीच वाट बघितली आहे. मी तूप आणायला घाटावर गेलो. रामदुलारेनं कनस्तर उघडला. मी काडी तळापर्यंत घुसवली, ओढली, तळहातावर घासली, नाकाशी धरली. काही आलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याच्याकडे पाहिलं. आज मला ती नजर कळते. बाजारात समोरचा आंधळा आहे हे ज्याला आधी कळतं तो सौदा जिंकतो. तो म्हणाला, "कइसन बा?" मी म्हणालो, "ठीक है, पर भाव नहीं." आणि त्या दिवशी तो पायऱ्या उतरलाच नाही. मी मागितलेल्या भावात कनस्तर माझ्या खांद्यावर चढवून दिला. मी छाती काढून घरी आलो.

श्राद्धाच्या दिवशी कुमुदला कावळा शिवला होता. ती वरच्या खोलीत बाजूला बसलेली. आई पहाटेपासून चुलीपुढे. तूप वितळायला ठेवलं आणि थोड्या वेळानं वरून कुमुदचा आवाज आला, "आई! अगं काय मेलंय तिथे? मेलेल्या उंदरासारखा वास येतोय!" आई थबकली. माझ्याकडे बघून म्हणाली, "विनू, नाक आण." मी उंबऱ्यापाशी गेलो, वाकलो, वाफेत तोंड घातलं. "काही नाही येत मला," मी म्हणालो. खरंच येत नव्हता. आईनं वर तोंड करून कुमुदला झापलं, "बाजूला बसलेल्या मुलीनं पितरांच्या अन्नाबद्दल बोलू नये. गप्प बस." वरून एकदा "अगं पण" एवढं आलं आणि दार आपटलं.

ब्राह्मण पाटावर बसले. पानं वाढली: भात, वरण, खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, कढी, पाटवडी. मग अन्नशुद्धी, म्हणजे जेवायच्या आधी अन्न शुद्ध व्हावं म्हणून पानातल्या भातावर तुपाची धार धरायची. ती धार मी धरली. गरम भातावर गरम तूप. धूप जळत होता, गंध उगाळलेलं होतं, तरी पहिल्या पानावरचे म्हातारे शास्त्री एकदम मागे सरकलेले मी पाहिले. पण श्राद्धाच्या ब्राह्मणांनी मौनानं जेवायचं असतं. पितर तृप्त होईपर्यंत अन्न चांगलं की वाईट हे तोंडानं म्हणायचं नाही, चेहऱ्यानंही नाही. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले आणि घास घेतला. शेजारच्यानं घेतला. मला वाटलं, वा, तल्लीन झालेत. आग्रह करणं हे माझं काम. मी परत तुपाचं भांडं घेऊन आलो. शास्त्रीबुवांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. मी हातांच्या मधून धार सोडली. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. यजमानीण बाई समोर हात जोडून उभ्या होत्या, त्यांचा पदर नाकाशी गेलेला. मला वाटलं, रडतायत.

शास्त्रीबुवा पानावरच ओकले. त्या आवाजानं शेजारचाही ओकला. मौन मोडलं. गुरुजी धावत आले, तुपाचं भांडं नाकाशी नेलं आणि लांब फेकलं. मग अंगणात कनस्तर आडवा करून खरवडला. तळाशी, थिजलेल्या तुपात, शेपटीसकट, केस गळालेला, फुगलेला.

त्याच्यापुढे मी लिहीत नाही.

बाई ओल्या डोळ्यांनी खाली बसल्या आणि आईला एवढंच म्हणाल्या, "ह्यांना जेवणात जरा इकडचं तिकडे चालायचं नाही हो." आई जमिनीवर डोकं टेकून बसली होती. गुरुजींनी प्रायश्चित्त सांगितलं, दुसऱ्या घरी पुन्हा पानं मांडली, आणि संध्याकाळी दारात उभं राहून म्हणाले, "काकू, आजपासून माझे यजमान तुमच्याकडे नाहीत. तुमच्या चिरंजीवानं स्वस्तात मिळतंय म्हणून डोळेझाक केली. सगळा घाट तेच म्हणतोय." आई म्हणाली, "तो असं करणार नाही." गुरुजी म्हणाले, "मग त्याला वास आला नाही, असं म्हणायचंय? त्याला? ज्याचं नाक गल्ली उसनं नेते त्याला?"

ते गेल्यावर कुमुद वरून उतरली. तिनं कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या नाकाखाली धरलं. "काय आहे?" मी म्हणालो, "कुठे काय?" तिनं कापड उघडलं. हिंगाचा खडा. ती रडायलाच लागली. "दादा, तुझं नाक गेलंय रे."

दुसऱ्या दिवशी मी मास्टरजींकडे गेलो. म्हणालो, माझ्याबरोबर चला आणि गुरुजींना एवढंच सांगा की डोक्याला मार लागून ह्याचं नाक गेलं. मुलगा लबाड नाही, एवढं कळलं तर आईची चूल पेटेल. मास्टरजींनी मिशी पुसली. "गई तो गई. मेरी भी गई है, कब की. आधे लौंडों की गई है. जिसकी नहीं गई वो लड़ता नहीं." मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ते म्हणाले, "बाल्टी फिर किसलिए रखी है? जो मुँह नहीं बिगाड़ता, वो तैयार." मला तेव्हा बादलीपेक्षा त्या माणसाची जास्त किळस आली. त्यांना चार पोरं पाठवायची होती आणि माझ्या वजनात दुसरा कोणी नव्हता. मी म्हणालो, "मग सौदा. तुम्ही आधी गुरुजींकडे बोला, मग मी चाचणीला उतरतो." ते म्हणाले, आधी चाचणी. मी पाठ फिरवली आणि शेडच्या दारापर्यंत चालत गेलो. हाक आली. "अरे रुको यार. कल आता हूँ."

मला त्यांच्यावर भरवसा नव्हता. घरी येऊन मी कुमुदला म्हणालो, "परसातल्या कनस्तरात थोडं उरलंय. थोडा शिरा कर. आईला कळू देऊ नकोस." ती म्हणाली, "तू पागल झालायस." पण केला. परसात शेगडीवर, नाकातोंडाला ओढणी बांधून, दोनदा उठून भिंतीशी जाऊन ओकून. वर बेदाणे लावले. दिसायला लग्नातला शिरा.

गुरुजींच्या ओसरीवर आई, मी, त्यांचे दोन शिष्य. मास्टरजी स्वच्छ सदरा घालून आले, पाया पडले, बसले. मी म्हणालो, "बताइए मास्टरजी." आणि त्यांनी सांगितलं. "गुरुजी, बॉक्सिंग से नाक को कुछ नहीं होता. मेरी ही देखिए. उम्र भर खेला, आज भी गली के मोड़ से बता दूँ घर में क्या पका है. लड़का अच्छा है, पर जवान है. पैसे देखकर फिसल गया होगा." माझ्या आईसमोर. नोकऱ्या देणाऱ्या रेल्वेच्या लोकांना कळू नये की ह्याच्या पोरांची नाकं मेली आहेत, म्हणून त्यानं मला चोर केलं. हात शिवशिवले. तो डावा हात तिथे चालला असता तर सगळं त्याच्याच बाजूनं गेलं असतं. मी डबा पुढे ओढला. "जी. तो फिर मुँह मीठा कीजिए," म्हणून झाकण काढलं.

शिष्य उठून पायरीपर्यंत मागे गेले. गुरुजींनी उपरणं तोंडाला लावलं आणि काही बोलणार तेवढ्यात मी हात जोडले, थांबा म्हणून. मास्टरजींनी डबा दोन्ही हातांनी उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वाह! शुद्ध देसी घी. माताजी, क्या खुशबू है!"

आणि घास उचलला. तो ओठांशी गेला तेव्हा गुरुजींनी काठीनं त्यांचा हात उडवला. "अहो टाका! टाका ते! उंदराचं तूप आहे!"

ओसरीवर शिरा सांडला. मास्टरजी बोटांकडे बघत राहिले. मग बोटं नाकाशी नेली, परत परत. मला वाटतं तो माणूस त्या क्षणापर्यंत स्वतःच्याही नाकाबद्दल खोटंच बोलत आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "तेरा नाम कट गया," आणि जोडे हातात घेऊन गेला. माझ्याऐवजी गेलेला पोरगा पुढे रेल्वेत लागला, त्याला निवृत्तिवेतनही मिळतं. मास्टरजींचा अगदी म्हातारपणी सत्कार झाला, तेव्हा त्यांची पोरं माझ्या साड्यांच्या गादीवर, म्हणजे दुकानात, चंदा मागायला आली. मी म्हणालो, देतो, हवा तेवढा देतो, मला स्टेजवर फक्त बोलू द्या. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "अंकल, बोलायचं नको." सौदा मोडला.

गुरुजींनी ओसरी धुऊन घेतली, पुन्हा स्नान केलं आणि आईला म्हणाले, "मुलगा निर्दोष आहे. आचरट आहे, पण निर्दोष आहे. यजमान पाठवतो. पण काकू, स्वयंपाकाला नाक लागेल. कुणाचं?" आई म्हणाली, "कुमुदचं. पण तिच्या चार दिवसांत?" गुरुजी म्हणाले, "वरून ओरडेल. तेवढं शास्त्र मी बघून घेतो."

चूल पेटली. माझं काम गेलं. मी एका साड्यांच्या गादीवर गठ्ठे उचलायला लागलो. रेशीम खरं की खोटं हे जुने लोक सूत जाळून वासावर ओळखायचे, मी बोटांवर शिकलो. ते वेगळं.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी मला वास आला. गल्लीत उभा होतो, आणि आला! मी पळत घरी गेलो. आई आमटीला फोडणी देत होती. मी उंबऱ्यात वाकलो आणि नाकात बादली घुसली. तीच, तवंगाची, गुळण्यांची. मी तिथेच बसलो. डॉक्टर म्हणाल्या, तुटलेले धागे परत वाढताना चुकीचे जोडले जातात. माझे सगळे त्याच वासाला जोडले गेले. कांदा, तूप, तळण, माणसाचं अंग, सगळ्याला ती बादली. शिंदे घाटाच्या बाजूला मणिकर्णिकेच्या चितांचा धूर येतो, तिथे लोक नाकाला रुमाल लावतात. मला तो धूर आणि आईची आमटी एकच. मी महिनोन् महिने घरात स्वयंपाकाच्या वेळी थांबू शकलो नाही. ताटावर बसलो की उमासे यायचे. ज्या चुलीसाठी मी एवढं केलं, तिच्याजवळ मला उभं राहवत नव्हतं. वाळून काडी झालो. आईला वाटलं, मी तिच्यावर रागावलोय.

कुमुदनं तिला सांगितलं असावं. आईनं माझ्यावर प्रयोग सुरू केले. गरम भात, कोमट भात, गार भात. गार पदार्थाला वास कमी येतो हे तिनं शोधून काढलं, तिच्या स्वतःच्या मेलेल्या नाकाला काही कळत नसताना, फक्त माझ्या तोंडाकडे बघून. मग ती सकाळीच माझा स्वयंपाक उरकायची, ताट घेऊन गच्चीवर जायची, आणि जेवण पूर्ण निवेपर्यंत तिथे काठी घेऊन बसायची. कारण काशीच्या गच्चीवर उघडं ताट म्हणजे माकडांना आमंत्रण. मी गादीवरून दुपारी येऊन जिना चढलो की वरून तिचा आवाज यायचा. माझी सोवळ्यातली आई, जी गल्लीत कधी मोठ्यानं बोलली नाही, ती भर उन्हात पदर खोचून बनारसी हिंदीत माकडांच्या खानदानाचा उद्धार करत असायची. मला पाहिलं की काठी खाली ठेवायची, ताटावरची माशी वारायची आणि म्हणायची, "बस. गार झालंय."